पेढ्याला दिसतं तेवढं

माझ्या लेकीची वाक्यं आखूड होत चालली आहेत. ही काळजी कुणाला सांगितली तर ऐकणारा हसेल, म्हणून सांगत नाही. पण संध्याकाळी तिच्याशी फोनवर बोलले की रात्री तेच डोक्यात फिरत राहतं. लहानपणी ती एका दमात सगळ्या गल्लीची खबर सांगायची. आता "जेवले" म्हणते, थांबते. "गोळी घेतली" म्हणते, थांबते. त्या थांबण्यात ती फोन तोंडापासून लांब धरते, छातीतली शिट्टी मला ऐकू जाऊ नये म्हणून. श्वास किती आहे ते आधी बघायचं आणि तेवढंच बोलायचं, हे तिनं कधी शिकून घेतलं, मला कळलंसुद्धा नाही.

तिचं नाव दैवशाला. घरात शालू. धाराशिवला वाढली, बारावीनंतर वर्षभर कॉलेजला गेली आणि भूम तालुक्यातल्या ईटला इंद्रजितच्या घरी दिली. त्यांची खव्याची भट्टी होती. सकाळी वाडीवस्तीवरचे लोक दूध आणून घालायचे, दुपारपर्यंत कढया उतरायच्या आणि मग इंद्रजित खव्याच्या टोपल्या मोटारसायकलला बांधून हायवेच्या फाट्यावर न्यायचा. तिथून ट्रॅव्हल्सनं माल पुण्याला, हैदराबादला. शहरातली पोर जाळापुढं कशी टिकेल याची मला धास्ती होती. पण पहिल्या सणाला भेटायला गेले तर ही पदर खोचून कढईपुढं उभी. दूध आटत आलं की हात थांबवायचा नसतो; थांबला की बुडाला लागतं आणि सगळा खवा करपतो. शालूचा हात थांबत नव्हता आणि तोंडही थांबत नव्हतं. ढवळता ढवळता ती दूध घालणाऱ्या एकेकाची नक्कल करत होती. तिची सासू सिताबाई तोंडाला पदर लावून हसत होती आणि मला म्हणत होती, "ईनबाई, तुमची लेक दूध आटवती का माजं डोस्कं, कळंना झालंय."

त्याच भट्टीमागं कुणीतरी पोत्यात घालून कुत्र्याचं पिल्लू टाकून गेलं. पेढ्यासारखाच मळकट तांबूस रंग, म्हणून इंद्रजितनं नाव ठेवलं पेढ्या. कढईच्या बुडाची खरवड त्याची. दुपारनंतर टोपल्या निघाल्या की तो गाडीमागं ओढ्यापर्यंत पळत जायचा, तिथून माघारी फिरायचा आणि भट्टीच्या दारात येऊन पडायचा. मग दिवेलागणीला, गाडीचा आवाज माणसांच्या कानाला यायच्या बऱ्याच आधी, तो मान वर करायचा, रस्त्याकडं बघायचा आणि शेपूट जमिनीवर आपटायचा. सिताबाई त्यावर चहाचं आधण ठेवायची. चहा उकळेपर्यंत इंद्रजित दारात.

शालूला तेव्हापासूनच शिंका येत. पेढ्याला आंघोळ घातली की हातावर गांध्या उठत, डोळे लाल होत. कुणी लक्ष दिलं नाही. खव्याच्या गावात बाईचे डोळे लाल का, असं कोण विचारतं? जाळापुढं बसणारी बाई खोकतेच, तिचे डोळे गळतातच. माझ्याही मनात दुसरं काही आलं नाही. "ओल्या लाकडाचा धूर लई वंगाळ," असं सिताबाई म्हणायची आणि मी मान हलवायचे.

गेल्याच्या मागच्या दिवाळीला, खव्याची ओढ असते त्या दिवसांत, फाट्यावर ट्रकनं इंद्रजितला उडवलं. घरी आणला तेव्हा काही उरलं नव्हतं. त्याबद्दल मी लिहीत नाही, लिहिता येणार नाही.

पेढ्या त्या दिवसापासून ओढ्यावर जाऊन पडला. भाकरी नेऊन टाकली तरी तोंड लावीना. सुतकाच्या दिवसांत नव्या विधवेनं उंबरा ओलांडायचा नसतो. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. शालू उठली, कुणाला काही न सांगता बाहेर पडली, ओढ्यावर गेली आणि एवढं मोठं कुत्रं लेकरासारखं उचलून गावातून चालत घरी आली. दारातल्या बायका बघत राहिल्या. तिनं त्याला माजघरात नेलं, इंद्रजितच्या घोंगडीवर ठेवलं आणि हातानं दूधभाकर भरवली. त्याआधी पेढ्या कधी घरात आलेला नव्हता. त्यानंतर तो बाहेर झोपलाच नाही.

दिवस सगळे पार पडले, पाहुणे पांगले, मीही धाराशिवला परत आले. एका संध्याकाळी शालूचा फोन आला. म्हणाली, "आई, पेढ्यानं आज शेपूट आपटलं." मी म्हटलं, बरं झालं, सावरलं म्हणायचं. मग म्हणाली, "दिवेलागणीला आपटलं."

मला समजलं नाही असं नाही. मी समजून घेतलं नाही.

पावसाळ्यात तिची छाती वाजायला लागली. सिताबाईनं आधी ओव्याचा शेक दिला, मग गावातल्या डॉक्टरकडून सुई देवविली. सगळ्यांचं एकमत झालं: भट्टीचा धूर छातीत बसलाय. मीही ईटला जाऊन तेच बोलले. सिताबाईनं भट्टी चुलत पुतण्याला चालवायला दिली आणि सुनेला म्हणाली, लई राबलीस, आता घरात बसून आराम कर. शालू म्हणत होती, "मला भट्टीवर बरं वाटतं, घरात आल्यावर दाटतं." जाळापुढं मोकळं वाटतं म्हणणाऱ्या बाईचं कोण ऐकणार? दुःखानं बोलते असं आम्ही धरलं. तिच्या हातातलं उलथणं काढून घेतलं आणि तिला दिवसभर त्या माजघरात बसवलं. शेजारी घोंगडी, घोंगडीवर पेढ्या. पावसामुळं खिडक्या बंद. भट्टी सुटली तरी दम वाढतच गेला. तेव्हाही आम्ही एकमेकींना सांगत होतो की मुरलेला धूर आहे, निघायला वेळ लागणार.

श्रावणात तिचे ओठ निळे पडले. शेजारच्यानं दुधाचे कॅन उतरवून पिकअपमध्ये तिला घातलं आणि बार्शीला नेलं. मी धाराशिवहून थेट तिथं पोहोचले. जरा सावरल्यावर डॉक्टरांनी तिच्या हातावर रांगेनं बारीक टोचून थेंब लावले. धुळीचा, परागाचा, बुरशीचा, असे कसले कसले. थोड्या वेळात एकच जागा टम्म सुजून आली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुत्रं आहे?"

सिताबाईनं माझ्याकडं बघितलं. मी शालूकडं. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. भिंतीकडंच बघत म्हणाली, "आहे." त्या आवाजात जराही नवल नव्हतं. तिला ते कधीचं माहीत होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. धूर चांगला नाहीच, पण हिचा खरा वैरी तो नाही. कुत्रं घरात नको, अंथरूण-पांघरूण कढत पाण्यानं धुवा, दम्याचा पंप जवळ ठेवा. असा झटका पुन्हा आला आणि गाडी मिळाली नाही तर काय होईल, ते त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

शालूनं सगळं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन चादरी कढत पाण्यात घातल्या. घोंगडी घातली नाही. पेढ्याला दिवसभर अंगणात बांधलं. आणि संध्याकाळी पंपाचे झुरके घेऊन, तोंडाला ओढणी बांधून, त्याला सोडून आत आणलं. म्हणाली, तेवढ्यापुरतंच. मग रात्री बाहेर पाऊस आहे म्हणून तो आतच राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला.

दिवाळीनंतर मी तिच्याकडं राहायला गेले. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं, आणि बघायचं नव्हतंही. संध्याकाळी सिताबाईनं देवाजवळ दिवा लावला आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसली, घराकडं पाठ करून. शालू घोंगडीच्या कडेला भिंतीला टेकून बसली. पेढ्या पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून पडला होता. मी भाजी निवडत होते.

त्यानं मान वर केली. कान पुढं झाले. दाराकडं बघितलं आणि शेपूट फरशीवर आपटायला लागला, सावकाश, एकेक. मी बाहेर जाऊन बघून आले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, गाडीचा आवाज नव्हता. परत आत आले तर पेढ्याची नजर दारावरून हलली होती. ती हळूहळू सरकत खुंटीकडं गेली, जिथं इंद्रजित गाडीची किल्ली अडकवायचा. तिथं थोडी थांबली. मग खाली, तो चहाला बसायचा त्या भिंतीकडेच्या पाटाकडं आली. मग शेपूट शांत झालं आणि त्यानं पुन्हा हनुवटी पायांवर टेकवली, घरातली सगळी माणसं आली की कुत्रं टेकवतं तशी.

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. मी बी.ए. झालेली बाई आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी आयुष्यभर चारचौघांत सांगत आले. पण त्या पाटाच्या दिशेनं पाय करून मला बसवेना. मी सरकून बसले.

शालूचे डोळे सुजले होते, नाक गळत होतं, श्वास आत जाताना आणि बाहेर येताना वाजत होता. आणि ती हसत होती. कढईपुढं हसायची तशी. इतक्या दिवसांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

मी विचारलं, "तुला काय दिसतं गं?"

"मला कुठं काय दिसतं?" ती म्हणाली. दम घेतला. "मी याच्याकडं बघते." पुन्हा दम घेतला. "याला दिसतं तेवढं मला पुरतं."

मी तिचा पंप शोधून तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी शालू अंघोळीला गेल्यावर सिताबाईनं मला ओसरीवर बोलावलं. ही बाई कधी कुणापुढं रडलेली मी पाहिली नाही. इंद्रजितच्या वेळीही ती आल्यागेल्याचं बघत होती. त्या सकाळी ती जात्याशेजारी बसली आणि म्हणाली, "ईनबाई, म्या त्या वक्ताला आत बसत न्हाय, बगितलं न्हवं तुमी? माजा ल्योक असता तर आदी आईकडं आला असता. माज्या म्होरनं जातो आन् मला कळत न्हाय, असं कसं व्हईल?" मग म्हणाली, "आन् आसंल तरी जाऊ द्यावा. गेलेल्याला असं रोजच्या रोज बलावू नये. त्यो बी अडकतो आन् ही बी. माजा गेला. तुमची जगू द्या."

तिनंच धनाजीचं नाव काढलं. धनाजी मेंढपाळ, दरवर्षी या दिवसांत त्याची मेंढरं ईटच्या शिवारात खतासाठी बसायला असतात. चांगल्या घरचं, राखणीचं कुत्रं त्याला हवंच होतं. इथला तळ हलवून तो खाली भीमेच्या अंगाला जाणार, तेव्हा घेऊन जाईल. थोडे दिवस बांधून ठेवलं, मेंढरांत राहिलं, की घर विसरतं, असं तो म्हणाला होता. फक्त पोरीच्या देखत न्यायचं नाही, तेवढं बघा, असं सिताबाईनं मला सांगितलं.

ते बघायचं काम माझ्याकडं आलं. बेत सोपा होता. धनाजी ज्या दिवशी तळ हलवणार त्या दिवशी मी शालूला बार्शीला दाखवायला बोलवायचं. तपासणी, औषधं, जरा बाजार. ती इकडं एसटीत बसली की तिकडं पेढ्या मेंढरांबरोबर चालता होईल. माझ्या यजमानांना हा बेत मी सांगितला, तर ते म्हणाले, याला बेत काय म्हणायचं, हे औषधच आहे. आईबापानं कडू औषध असंच पाजायचं असतं. मलाही पटलं होतं. अजूनही निम्मं पटतं.

तो दिवस उद्याचा आहे. धनाजी सकाळी येणार.

आज संध्याकाळी मी शालूला फोन केला, नेहमीच्या वेळेच्या जरा आधी. उद्या पहिल्या गाडीनं ये म्हटलं, मी बार्शीच्या स्टँडवर थांबते. ती हो म्हणाली. कुठलीही हरकत घेतली नाही, उलट पंप संपत आलाय म्हणाली. मग थांबली. मला वाटलं दम घेते आहे. पण ती विचार करत होती. म्हणाली, "आई, दिवेलागणीच्या आत घरी येऊ ना मी?"

मी म्हटलं, "येशील की."

तिनं बरं म्हणून फोन ठेवला. एवढंच झालं. तेव्हापासून मी बसले आहे. हे झोपलेत. बाहेर कुठं तरी कुत्री भुंकतात आणि मी कान देऊन ऐकते. मग स्वतःचाच राग येतो.

मी उद्याची संध्याकाळ पुन्हा पुन्हा बघते आहे. ती गाडीतून उतरेल, घाईनं चालत घरी येईल. चालून दम लागलेला असेल. अंगणात दोरी मोकळी असेल. ती हाक मारेल. आधी घरात शोधेल, मग भट्टीवर, मग ओढ्यावर. पळत जाईल, ज्या छातीनं तिला दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत त्या छातीनं पळत जाईल. आणि मी इकडं धाराशिवात. सिताबाई म्हातारी, ती तिच्यामागं किती धावणार? मग ती माजघरात येऊन बसेल. दार, खुंटी, पाट, सगळं जागेवर असेल आणि त्यांच्याकडं बघणारं कुणी नसेल. डॉक्टरांनी मला ज्या झटक्याबद्दल बाजूला घेऊन सांगितलं होतं तो झटका कुत्र्याच्या केसानंच येतो, असं थोडंच आहे?

आणि समजा तसं काही झालं नाही. दम कमी झाला, छाती मोकळी झाली, वर्षभरात ती पहिल्यासारखी लांब लांब वाक्यं बोलायला लागली. ती वाक्यं ती माझ्याशी बोलेल का?

मला तो आमचा पहिला शहाणपणा आठवतो. किती खात्री होती आम्हाला. धूर दिसत होता, म्हणून धूरच असणार. ती बिचारी सांगत होती, मला भट्टीवर बरं वाटतं, आणि आम्ही तिच्या भल्यासाठी तिच्या हातातलं काम काढून घेऊन तिला वैऱ्याशेजारी बसवलं. या खेपेला डॉक्टरांचा दाखला आहे, खात्री खरी आहे. तरी तिला न विचारता ठरवणारी माणसं तीच आहेत. ती बत्तीस वर्षांची बाई आहे. आपला श्वास कशानं कोंडतो ते तिला आमच्याही आधी ठाऊक होतं.

तिला सांगितलं तर काय करेल? मला माहीत आहे काय करेल. पेढ्याला घट्ट धरून बसेल, धनाजीला दारातून परतवून लावेल. सिताबाई माझ्यावर चिडेल, आणि तिचं काही चुकणार नाही. मग पुढं एखाद्या पावसाळ्यात मला पुन्हा बार्शीला धावत जावं लागेल, आणि या वेळी मी वेळेवर पोहोचेन असं नाही. किंवा असंही होईल की ती ऐकून घेईल, सकाळी स्वतः त्याला दूधभाकर घालेल आणि दोरी स्वतःच्या हातानं धनाजीकडं देईल. सासूलाही दिवेलागणीला आत येऊन बसा म्हणेल. मला सांगता येत नाही. माझी लेक आहे, तरी सांगता येत नाही.

पण दार उघडल्यावर पेढ्या नाही, हे तिला रिकाम्या अंगणातून कळू नये. एकदा एक माणूस असाच संध्याकाळी घरी आला नाही आणि तिला ते दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघून कळलं. ते मी पुन्हा तिच्या वाट्याला आणणार नाही.

फार रात्र झाली आहे. एवढ्या रात्री फोन वाजला तर ती आधी घाबरेल. म्हणून पहिलंच वाक्य "सगळे बरे आहेत" असं म्हणायचं. मग धनाजीचं सांगायचं, आणि बेतात मी होते हेही. ती जागीच असेल. आडवं झालं की दाटतं म्हणून ती आताशा बसूनच झोपते. माझं बोलून झालं की गप्प राहायचं. तिला दम घेऊन बोलायला कितीही वेळ लागू दे, मधे बोलायचं नाही.

चष्मा काढून ठेवते आणि फोन लावते.